मेल्यावर सोवळे!

संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत एकच प्रश्न चघळला जात होता : आता त्यांच्या अंगावरच्या सोन्याचे काय होणार? साखळ्या किती तोळ्यांच्या, अंगठ्या कोणाच्या वाट्याला, तिजोरी कुठे! नऊच दिवस आधी लता मंगेशकरांना शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात निरोप देऊन, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळून हा देश डोळे पुसत होता. तेच ओले डोळे दहाव्या दिवशी मिचकावले जाऊ लागले.

माणूस चमत्कारिक होता, हे कबूल. भर उन्हाळ्यात मखमली कोट, अंधारातही काळा चष्मा, गळ्यात सोन्याचा ढीग. पण ‘डिस्को डान्सर’ १९८२ मध्ये आला आणि पुढची पाच-सात वर्षे या महाराष्ट्रातली वरात त्यांच्या ठेक्यावाचून हलली नाही, हेही तितकेच खरे. ज्यांनी त्यांच्या तालावर घाम गाळला तेच टपरीवर सोन्याचा भाव काढत बसले, आणि संध्याकाळ होताच त्याच तोंडांनी ‘युगाचा अंत’ वगैरे सुरू केले. आम्हाला बप्पीदांची वकिली करायची नाही. परक्या चाली उचलल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि तो अगदीच हवेतला नव्हता. आमचा प्रश्न मेलेल्याबद्दल नाही, मागे राहिलेल्यांबद्दल आहे.

गाणारा माणूस मेला की आपला समाज एका ठरलेल्या क्रमाने वागतो. आधी चेष्टा, मग गळा काढणे आणि शेवटी धुणे. प्रेताला घालावी तशी त्याच्या आयुष्याला आंघोळ घालायची. ज्या ज्या गोष्टीसाठी त्याला हयातीत टोचले, ती ती घासून काढायची आणि सोवळा झालेला, कुणालाही न बोचणारा माणूस चौकटीत बसवून हार घालायचा. आपण टोचले होते, हे मात्र कुणी उच्चारायचे नाही.

या धुण्याचा सर्वांत मोठा सोहळा जगाने २००९ मध्ये पाहिला. त्या वर्षी २५ जूनला लॉस एंजलिसमध्ये मायकेल जॅक्सन मेला, पन्नासाव्या वर्षी. बातमी आपल्याकडे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडत होता. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हा माणूस म्हणजे जगाच्या टिंगलीचा विषय होता. त्याचे नाक, त्याची माकडाशी मैत्री, तोंडावरचा मास्क आणि सर्वांत जास्त त्याची कातडी! ‘काळा होता, पैसे टाकून गोरा झाला’, हा विनोद मराठी घराघरांत झाला आहे, आणि तो करणाऱ्यांच्याच कपाटात गोरे करणाऱ्या मलमाची ट्यूब होती.

वस्तुस्थिती काय होती? त्याला कोड होते. फेब्रुवारी १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीला दिलेल्या मुलाखतीत, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, त्याने आपल्या तोंडाने सांगितले होते की कातडीचा रंग घालवणारा आजार आपल्याला आहे. कुणी विश्वास ठेवला? एका कृष्णवर्णीय माणसाने स्वतःच्या अंगाबद्दल दिलेली साक्ष जगाने हसण्यावारी नेली. ती खरी ठरायला तो मरावा लागला. शवविच्छेदनाच्या अहवालात कोडाची नोंद झाली तेव्हा कुठे ते खरे ठरले. जिवंत माणसाच्या शब्दाला किंमत नाही, त्याच्या प्रेताच्या तपासणीला आहे! आणि त्यानंतर तरी कुणी म्हणाले का, की आम्ही सोळा वर्षे एका रुग्णाच्या रोगावर विनोद केले? छे. ‘पॉपचा राजा’ म्हणून मेणबत्त्या लावल्या आणि मोकळे झाले.

आमच्या वाचकांनी इथे क्षणभर थांबावे, कारण हे कोड काही अमेरिकेतच राहत नाही. ते आमच्या आळीत आहे, आमच्या भावकीत आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात म्हणून पांढरे डाग पडतात. ते महारोग नव्हे, ते स्पर्शाने पसरत नाही, ते कुणाच्या पापाचे फळ नाही. हे शाळेतल्या मुलाला कळते. पण मुलीच्या कोपरावर रुपयाएवढा डाग दिसला की ठरत आलेली सोयरीक मोडते, हळदीकुंकवाला तिच्या ताटलीला हात लागत नाही, आणि धाकट्या बहिणीचे स्थळसुद्धा ‘घराण्यात आहे’ म्हणून परत जाते. चैत्राच्या हळदीकुंकवात पूर्ण बाह्यांचे पोलके घालून घाम पुसत बसलेली बाई तुम्ही पाहिली नसेल, असे आम्हाला वाटत नाही. जॅक्सनचा एका हातातला चकाकता हातमोजा पाहून टाळ्या पिटणाऱ्यांना त्या पोलक्याचा अर्थ कधी कळला नाही. कळून घ्यायचाच नव्हता.

धुण्याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर आमचाच अग्रलेख हार घालणाऱ्यांच्या रांगेत उभा राहील. याच माणसावर लहान मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, पण आरोप तिथे संपले नाहीत. मृत्यूनंतर दहा वर्षांनी मोठे झालेले दोघे जण कॅमेऱ्यासमोर येऊन बोलले. खरेखोटे करणे आमच्या हाती नाही. मात्र शोकाच्या पुरात हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण ‘मेलेल्याची निंदा करणारा’ ठरला. म्हणजे या सोवळ्याची कमाल पाहा : ज्याची लाज वाटायला नको होती तो आजार धुऊन निघाला आणि ज्याची चौकशी व्हायला हवी होती तो आरोपही त्याच पाण्यात वाहून गेला. ज्यात समाजाला काही शिकता आले असते, असे सगळेच गेले.

याच जॅक्सनचा महाराष्ट्राशी एक हिशेब आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला. तरुणांच्या रोजगारासाठी निधी उभारण्याच्या नावाखाली शिव उद्योग सेनेने तो भरवला होता आणि तेव्हाच्या युती सरकारने त्याला करमणूक कर माफ केला. ग्राहक पंचायतीने न्यायालयात धाव घेतली, कराचे पैसे अडकले. पुढे सरकारे बदलली, जॅक्सन मेला, त्याची जयंती-मयंती झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती करमाफी पुन्हा मंजूर केली! रक्कम सव्वातीन कोटींहून अधिक. तो आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कृष्णाकाठच्या वाईत बसून ही जगाची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. उत्तर वाईतच आहे. १५ मे २०१८ ला या गावात यमुनाबाई वाईकर गेल्या. एकशे दोन वर्षांच्या होऊन गेल्या. गावाचे नाव आडनावासारखे लावून त्यांनी ते दिल्लीपर्यंत नेले. त्या गेल्या त्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवले की त्या ‘आमच्या’ होत्या. आम्हीही त्याच गावचे, म्हणून आम्ही हे परक्या गावाला नव्हे, स्वतःच्या गावाला विचारतो : कधीपासून आमच्या?

यमुना विक्रम जावळे ही कोल्हाटी घरातली पोर. जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा. आई गीताबाई गाणारी. कोवळ्या वयात ही मुलगी आईबरोबर दारोदार, रस्तोरस्ती गाऊन चार पैसे गोळा करू लागली, पुढे तमाशाच्या बारीत उभी राहिली, आणि तिथून बैठकीच्या लावणीत अशी काही उंचीवर पोहोचली की कथ्थकचे पंडित बिरजू महाराज त्यांच्या गाण्यावर अदा करायला उभे राहिले. वाईच्या वाड्यांतून त्या काळी त्यांना गाण्याचे बोलावणे गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला १९९५ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये. वय शहाण्णव! हीच बाई साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षी गेली असती तर? तर पद्मश्री नाही, ‘आमच्या वाईच्या’ नाही, काहीच नाही. यमुनाबाईंना जो मान मिळाला तो त्यांच्या गळ्याइतकाच त्यांच्या दीर्घायुष्यालाही मिळाला, हे कडू सत्य आम्ही लिहून ठेवतो.

त्यांच्यावरच्या श्रद्धांजल्यांत सगळे होते : लावणीसम्राज्ञी, लोककलेचा ठेवा, महाराष्ट्राची शान. पण ज्या जातीत त्या जन्मल्या तिचे नाव घेताना लेखण्या अडखळल्या. का अडखळल्या? कोल्हाटी म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून ते महाराष्ट्राच्या तोंडावर फेकले. नाचणाऱ्या मुलीने लग्न करायचे नाही. तिचा चिरा उतरवायचा, म्हणजे पैसेवाल्याने तिला ‘ठेवायची’. तिच्या कमाईवर घरचे पुरुष बसून खाणार. तिच्या पोटच्या पोराला बापाचे नाव नाही, म्हणून शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव, आणि त्या नावावरून वर्गात हसणे. आणि ते पैसेवाले कोण होते? तेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावचे पाटील, बागायतदार, सावकार, पुढारी. बारीत पुढच्या रांगेत बसून दौलतजादा उधळणारे आणि सकाळी देवळाच्या सभामंडपात पंच म्हणून बसणारे. कोल्हाटी हा शब्द श्रद्धांजलीत नको असतो तो एवढ्यासाठी. तो आला की पुढच्या रांगेतल्यांचीही नावे येतील.

धुण्याचे हेच गणित लावणीलाही लावले जाते. ‘अश्लील नाही हो, किती सात्त्विक गायच्या त्या!’ असे आम्ही प्रतिष्ठितांच्या तोंडून ऐकले आहे. ही स्तुती नव्हे, ही चोरी आहे. बैठकीची लावणी म्हणजे भजन नव्हे. गाणारी बसूनच गाते. पायांत चाळ असले तरी पाय उठत नाहीत. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्या खेपेला त्यात रुसवा असतो, दुसऱ्या खेपेला आर्जव, तिसऱ्या खेपेला टोमणा, आणि मग भुवई एवढीशी उचलून, पदराचे टोक बोटाला गुंडाळून ती अशी काही थांबते की पेटीवाला आणि तबलजी तिच्या चेहऱ्याकडे बघत सम रोखून धरतात. विषय शृंगार, आणि तो बाईच्या तोंडचा. हवे ते मागणारी, न मिळाल्यावर सुनावणारी, पुरुषाला त्याची पायरी दाखवणारी बाई. हे गाणे सोवळ्यात गुंडाळणे म्हणजे यमुनाबाईंची आयुष्यभराची विद्या नाकारणे. शृंगार त्यांनी उघड गायला आणि त्यात कला होती, एवढे सरळ वाक्य बोलायला वाईसारख्या पुण्यक्षेत्राची जीभ रेटत नसेल, तर हार घालण्याचा अधिकार तरी त्याने कुठून आणला?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी घातली होती. तमासगिरांनी धडपड करून ती उठवून घेतली, पण ‘सुधारणे’च्या अटींवर. सुधारायचे कोणी? नाचणाऱ्यांनी. बघणाऱ्यांनी नव्हे! आम्ही सुधारकी बाण्याचे म्हणवतो, म्हणून हे ठासून सांगतो की ती सुधारणा नव्हती. बाईच्या अंगावर हात टाकणाऱ्याला मोकळा सोडून बाईच्या गाण्यातला शब्द कापणे म्हणजे सुधारणा, असा समज आजही सरकारी कचेऱ्यांत आणि संस्कृतिरक्षकांच्या मेळाव्यांत नांदतो आहे.

सुधारकाचेही मेल्यावर हेच धुणे होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर आमच्याच जिल्ह्याचा. ‘सुधारक’ त्यांनी १८८८ मध्ये काढला, आणि पुण्याच्या सनातन्यांनी हा माणूस जिवंत असताना त्याची प्रेतयात्रा काढली. घरासमोरून! मरणाआधीच श्रद्धांजली वाहणाऱ्या त्या मंडळींबद्दल आम्हाला एका बाबतीत आदर वाटतो. निदान ते प्रामाणिक होते. त्यांना आगरकर नको होते आणि ते त्यांनी तोंडावर सांगितले. १८९५ मध्ये ३८ वर्षांचे आगरकर गेले, तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच बांधून ठेवलेले सापडले. आपल्या प्रेताचाही भार समाजावर नको, असा तो करारी माणूस. आज त्यांची तसबीर ज्या सभागृहांत लागते, तिथेच मुहूर्त काढून उद्घाटने होतात आणि व्यासपीठावरून विधवेच्या हातून दीपप्रज्वलन टाळले जाते. आगरकर सोवळे झाले, म्हणजे त्यांचे दात काढले गेले.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव. कुळकर्णीपण सोडून ते तमाशात गेले, महार समाजातल्या पवळाबाईंबरोबर फडावर उभे राहिले, जातीने वाळीत टाकले. डिसेंबर १९४५ मध्ये पुण्यात ते हलाखीत वारले. त्यांच्यावर चित्रपट मात्र पाचच वर्षांत निघाला. विठाबाई नारायणगावकर तर आपल्या डोळ्यांदेखत गेल्या. पोटात कळा येत असताना फडावर नाचलेली, बाळंत होऊन दगडाने नाळ तोडून पुन्हा प्रेक्षकांपुढे उभी राहिलेली ही बाई. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ती जानेवारी २००२ मध्ये वारली, तेव्हा रुग्णालयाचे बिल भागवायला देणगीदार शोधावे लागले. चार वर्षांनी सरकारने तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिच्या औषधाला पैसा निघाला नाही, तिच्या नावाने लाखांचे धनादेश निघू लागले. ज्यांना तो पुरस्कार मिळाला त्यांचे आम्ही अभिनंदनच करतो. ते त्याला पात्र आहेत. पण तिच्या नावाचा धनादेश काढणाऱ्यांनी तिच्या बिलाची आठवण काढल्याचे आमच्या वाचनात नाही.

पसरणीचे शाहीर साबळे त्या मानाने भाग्यवान. पद्मश्री हयातीत मिळाली, नाव झाले, मान मिळाला. २०१५ मध्ये ते गेले आणि त्यांनी घराघरांत नेलेले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. आठ वर्षे उशीर, पण निदान गीत तेच राहिले. शाहिराला जे जमले ते कोल्हाटी बाईला का जमू नये, याचे उत्तर आम्ही वर दिलेच आहे.

आता तो सव्वातीन कोटींचा आकडा काढा. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते. कित्येक वर्षे ते दोन-सव्वादोन हजारांपासून तीन हजारांच्या आसपास, प्रतवारीप्रमाणे, रखडत मिळत होते. २०२४ पासून सरसकट महिना पाच हजार झाले. म्हणजे वर्षाचे साठ हजार. एका रात्रीच्या एका कार्यक्रमाचा जो कर सरकारने सोडला, त्यात पाचशेहून अधिक वृद्ध कलावंतांचे वर्षभराचे मानधन भागले असते. आम्ही जॅक्सनच्या विरुद्ध नाही. तो आला, नाचला, लोकांनी पैसे मोजून पाहिला, उत्तम झाले. पण ज्याच्या तिकिटाची किंमत मध्यमवर्गीयाच्या पगाराला भिडत होती त्याच्या कार्यक्रमाचा कर माफ करायला एक मंत्रिमंडळ कमी पडले म्हणून दुसरे बसते. आणि ढोलकीवाल्या म्हाताऱ्याला मात्र ‘तू कलावंत असल्याचा पुरावा आण’ म्हणून चार खेपा घालायला लावतात. या तुलनेवर ज्याला राग येत नाही, त्याने यमुनाबाईंच्या तसबिरीपुढे उभेच राहू नये.

पुरावा! फडावरची बाई पुरावा कुठून आणणार? तिच्या हातात नियुक्तिपत्र नव्हते, पगारपत्रक नव्हते. नारायणगावला किंवा विट्याला राहुटीत बसून गावच्या पंचांनी सुपारी ठरवली, ट्रकमधून फड आला, रात्रभर बारी झाली, पहाटे ट्रक पुढच्या गावाला गेला. तिचे नाव हँडबिलावर छापले असेल तर नशीब. बहुधा फडमालकाचेच असते. कुणाकडे कधीकाळचा पिवळा पडलेला फोटो असतो, कुणाकडे तोही नसतो. आणि ऐंशीच्या दशकात याच गावांनी गण-गौळण नको, वग नको, हिंदी सिनेमातली गाणी लावा, म्हणून आरडाओरडा करून फडातल्या पोरींना डिस्कोच्या ठेक्यावर नाचायला लावले. मग आपणच म्हणालो, तमाशा बिघडला! बप्पी लाहिरींच्या सोन्यावर हसणारे, तमाशा बिघडला म्हणून उसासे टाकणारे आणि यमुनाबाईंना सात्त्विक ठरवणारे असे तीन वेगळे गट नाहीत. ती एकच माणसे आहेत.

वाईने तरी हे करू नये. ज्या गावात प्राज्ञपाठशाळेत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मग्रंथ उघडले आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, असे शास्त्राच्याच भाषेत सांगितले, ज्या गावात मराठी विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, त्या गावाला आपल्याच लेकीचा इतिहास खरडून स्वच्छ करण्याची गरज पडावी? तर्कतीर्थांनी सोवळे सोडले ते विद्वत्तेच्या बळावर. आम्ही ते मेलेल्यांवर चढवतो ते भित्रेपणामुळे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. इथल्या वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून उन्हाळ्यात थोरामोठ्यांची भाषणे होतात, शहरातले सुशिक्षित ती मन लावून ऐकतात. त्यातली एक संध्याकाळ दरवर्षी बैठकीच्या लावणीला द्या. व्याख्यान नको, लावणीवरचा परिसंवादही नको. गाणारी बाई बोलवा, तिला बिदागी ठरवून द्या, तिच्या मुलाबाळांना पुढच्या रांगेत बसवा, आणि तिला काय गायचे ते तिलाच ठरवू द्या. ज्या म्हाताऱ्या गायिकांच्या तोंडात अजून न छापलेल्या लावण्या आहेत, त्यांचे ध्वनिमुद्रण नगरपरिषदेच्या खर्चाने व्हावे, गावात विश्वकोशाची परंपरा असताना ते जमत नाही, असे कुणी आम्हाला सांगू नये. आणि यमुनाबाईंच्या नावाने चौक, कमान, जे काही होईल, त्याच्या पाटीवर ‘लावणीसम्राज्ञी’बरोबर त्या कोल्हाटी समाजातल्या होत्या हेही कोरा. लाज वाटत असेल तर कमानच नको.

शोकफलकांचे तर बोलायलाच नको. गाव मोठे होत चालले तसे ते फलक मोठे होत चालले. त्यावर मेलेल्याचा फोटो तळहाताएवढा आणि ‘शोकाकुल’ नेत्यांचे फोटो पुरुषभर उंचीचे. हे फलक लावणाऱ्यांना आमची विनंती : यंदा एक फलक कमी लावा आणि त्या पैशात दोन म्हाताऱ्या तमासगिरांची कागदपत्रे करून द्या. पुण्य अधिक लागेल, आणि मतेही, जर तीच हवी असतील तर.

वाईकरहो, बावधन, पसरणी, सुरूर, मांढरदेवच्या गावकऱ्यांनो, तुमच्या गावच्या जत्रेत नाचून-गाऊन गेलेल्या, आता पडवीत बसून असलेल्या बाया आणि बापे तुम्हाला माहीत आहेत. त्यांची नावे तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्यांच्या बाऱ्या तुम्ही रात्र रात्र जागून पाहिल्या आहेत. त्यांचा मानधनाचा अर्ज तुम्ही भरा. त्याला वयाचा दाखला लागतो, रहिवासाचा लागतो, उत्पन्नाचा लागतो आणि कलेचा पुरावा लागतो. पहिले तीन तहसील कचेरीत मिळतील. चौथा ज्या ग्रामपंचायतींनी यांना आपल्या जत्रेत नाचवले त्यांनी ठराव करून, वर्ष आणि बारीचे नाव घालून, सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.